आतबट्टा

याकुत्स्कमध्ये जानेवारीत कुणी गाडी बंद करत नाही.
दुकानासमोर, दवाखान्यासमोर, शाळेच्या कुंपणाला लागून
रिकाम्या गाड्या धुगधुगत असतात.
चाक जागचं हलत नाही,
धूर तेवढा सरळ उभा, खांबासारखा.

बाबांचा ट्रक असाच रात्रभर.
आई वही घेऊन बसायची:
एवढं डिझेल, आणि गाव एकही गाठलं नाही!
बाबा बूट काढता काढता म्हणायचे,
गाठलं ना.
सकाळ.

मी आता उंदरांच्या मेंदूचे काप करते,
संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर, वार्वाराच्या हाताखाली.
कापात पेशी, पेशीत मायटोकॉन्ड्रिया,
त्यांच्या आतल्या पडद्यात
एक प्रथिन, ज्याला धड नावही नाही, नुसती अक्षरं आणि आकडा.

धरणासारखं आहे, वार्वारा नव्या मुलांना सांगते,
प्रोटॉन पलीकडे उपसायचे, साठवायचे,
मग एका दारातून खाली सोडायचे
की चक्र फिरतं, की पेशीच्या हातात नाणं पडतं.
आणि हे प्रथिन?
बांधाला पाडलेलं भोक.
मुलं हसतात. म्हणजे चोरच की!
वार्वारा काच पुसते. बराच वेळ तीच काच पुसते.
बांध तुडुंब भरल्यावर काय होतं, पाहिलंय कुणी?

मी पाहिलंय.
मे महिन्यातली लेना, बर्फाचे पत्रे एकमेकांवर चढलेले,
पाण्याला पुढे वाट नाही,
आणि मग काकांच्या गोठ्यातल्या सात गाई.

पेशीतही तसंच. साठा फार झाला
की इलेक्ट्रॉन वाट सोडतात,
भेटेल त्या ऑक्सिजनला बिलगतात,
ठिणग्या उडतात, घर आतून करपतं.
म्हणून ही गळती.
हा जाणूनबुजून केलेला आतबट्ट्याचा व्यवहार:
नाणं नाही, थोडी ऊब.
ऊब किती, यावर अजून भांडणं आहेत.
मोजायला जावं तर माझाच श्वास काचेवर.

नोव्हेंबरात बाबांच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली.
डॉक्टरांनी पडद्यावर काळा डाग दाखवला,
भोवती करडी किनार.
हे गेलं, म्हणाले. हे, कदाचित.
मी किनारीकडेच बघत राहिले.
तिथं कुणी दार किलकिलं ठेवलं असेल का,
विचारायचं होतं.
उंदरांचं माणसांना लागू होईलच असं नाही,
हे दर अहवालाच्या शेवटी मीच लिहिते.

आता ते खिडकीशी बसतात.
एकच शब्द उरलाय, आमच्या साखा भाषेतला: स्योप.
म्हणजे ठीक.
म्हणजे भूक लागली, म्हणजे पडदा ओढ,
म्हणजे तू कोण.

काल उणे एक्कावन्न.
गिऱ्हाईक सकाळी येणार म्हणून
शेजारच्या न्यूर्गुननं ट्रक गॅरेजातून अंगणात आणला
आणि बंद करायला किल्लीकडे हात नेला.
आई झोपायच्या कपड्यांवर कोट ओढून धावली.
राहू दे.
रात्रभर? डिझेल तुमचंच जाणार, मावशी.
जाऊ दे.

ट्रक धुगधुगत राहिला. वही कपाटातच होती.
बाबांनी काचेला तळवा टेकवला.
इंजिनाची थरथर तिथवर पोचते का, ठाऊक नाही.
मोजण्यासारखं होतं.
मी मोजलं नाही.