काढता पाय

मंगळवारी देणं, शुक्रवारी घेणं.
आज शुक्रवार.
यॉर्कशरचा वारा स्टोअरच्या दाराला खेटून उभा
आणि जाळीपलीकडे कीलन, ग्रिम्सबीचा,
साडेसोळा वर्षांचा,
मोज्यांच्यासुद्धा घड्या घालून आलेला.
मोजे कोणी परत घेत नाही रे, म्हटलं. राहू देत तुला.

मी वाचते, तो फळीवर ठेवतो.
पट्टा, एक. जेवणाचे डबे, दोन.
हिरवे शर्ट, चार,
बाहीच्या इस्त्रीला अशी धार की बोट कापावं.
"कॉर्पोरलनी शिकवली. पहिले तीन दिवस तेच."
मग जरा थांबून,
"आईला करून दाखवीन."

का सोडलंस, हे मी विचारत नाही.
त्यासाठी फॉर्मवर रकाना आहे
आणि त्यात सगळे एकच लिहितात: स्वेच्छेने.
त्या एका शब्दात काय काय कोंबलेलं असतं
ते मला सामान सांगतं.
टेगनच्या अभ्र्यावर मिठाचे नकाशे होते.
त्याआधी एकानं
गवत भरलेल्या पुतळ्याला संगीन खुपसली
आणि हळूच म्हणाला, सॉरी.
सगळी तुकडी हसली. आठवडाभर हसत होती.
त्याचं सामान सगळ्यांत स्वच्छ होतं.

"बूट आत्ताच काढू?"
काढ.
टाचेला पट्टी, पट्टीवर जुनं तपकिरी रक्त.
बाकी सगळं धुऊन दुसऱ्याला देता येतं,
बूट नाही.
चार आठवडे चावून चावून
कातडं एकाच पायाचं होऊन बसतं,
मग दुसऱ्या कोणाला सुखानं चालू देत नाही.
ते मागच्या पिंपात जातात.
आज वरपर्यंत भरलंय पिंप.

घरून आणलेले पांढरे बूट तो घालतो,
नाडी सोडतो, पुन्हा घालतो.
"घट्ट होतायत," म्हणतो, स्वतःशीच.
महिन्याभरात पाय वाढलाय पोराचा,
इथलंच खाऊन.

मैदानावर त्याचीच तुकडी. डावा, उजवा, डावा.
तो कडेकडेनं जातो, खांद्यावर पिशवी,
साधं चालायचा प्रयत्न करत,
आणि पाय मेले
त्यांच्याच ठेक्यात पडतात.
फाटकापाशी तो थांबतो.
नाडी बांधायचं निमित्त करून
तुकडी वळेपर्यंत वाकून राहतो.

मग कमी भरलाय एक.
मी लिहिते: मिळाला.