कारणाचा रकाना

पहिल्या दिवशी वाटलं, कुणीतरी काजूची टरफलं जाळलीत.
दुसऱ्या दिवशी देवगडचा दीपस्तंभ दिसेना.
तिसऱ्या दिवशी उपकेंद्राचं कुलूप काढायच्या आत
पायरीवर अकरा माणसं,
एरवी बांगड्याच्या भावावरून भांडणारी,
आज गप्प.

धूर वरचा. सड्यापलीकडच्या रानाचा.
रात्री मतलई त्याला खाली आणून सोडतो
खाडीवर, खारफुटीवर, आमच्या कौलांवर,
पहाटे दर्यावर ढकलतो,
आणि दहाच्या सुमाराला खारा सुटला की
तोच धूर पुन्हा गावात येतो,
सासर-माहेर दोघांनीही दार लावलेल्या
बाईसारखा.

नेब्युलायझर एकच.
पाळी लावली: आधी पोरं, मग म्हातारे,
मग उरलेले, ज्यांना मी सांगते, गरम पाण्याची वाफ घ्या,
आणि ते म्हणतात,
"वाफ काय नि धूर काय, सिस्टर,
आता सगळा सारख्याच,"
म्हणून हसतात,
हसता हसता खोकतात.

द्वारका मोंडकर टोपलीभर गोलमा घेऊन आली.
औषधाला नव्हे, दाखवायला.
"बघ, राख बसली सगळ्यार.
धुतलंय तर कुसतलो,
नाय धुतलंय तर घेतलो कोण?"
मी तिचा रक्तदाब मोजला.
तेवढंच माझ्या हातात होतं.

तस्लीमच्या आरिशच्या बोटाला चिमटा लावला.
ब्याण्णव.
तिनं विचारलं,
शंभरातले ब्याण्णव म्हणजे चांगलेच ना?
मी चिमटा काढून दुसऱ्या बोटाला लावला.

रजिस्टरात रकाने: नाव, वय, वाडी, लक्षण, कारण.
कारणात पहिल्या ओळीला लिहिलं, हवामान.
त्याखाली दोन-दोन टिंबं, वरीलप्रमाणे,
पानभर टिंबं,
लांबून पाहिलं तर
कागदावरही राख पडल्यासारखी.

घरी आले. दोरीवर नवऱ्याचा शर्ट.
तीन वेळा धुतलेला, तरी तोच वास,
जो दिवसभर माणसांच्या केसांतून माझ्याकडे येत होता.
त्याच्या उजव्या हातावरची लव जळून
तांबूस गुठळ्या झालेल्या.
दोन रात्री तो वरच होता,
आंजणीच्या डहाळ्यांनी आग झोडपत, असं सगळा गाव सांगतो,
चांगलंच सांगतो.

मी काही विचारलं नाही.
तोच म्हणाला,
"कलमांभोवतीचं गवत भाजलं, दरवर्षी भाजतो तसं.
पट्टा काढला होता. साडेतीन हात.
सकाळी पानसुद्धा हलत नव्हतं गो."
मग भाकरी मोडत बसला.
लहान लहान तुकडे केले,
मांजराला घालावेत एवढे,
आणि ताट सरकवलं.

रात्रभर तो छपराकडे तोंड करून जागा.
मीही.
बापानं लावलेली सत्तर कलमं वाचली होती त्याची.
पलीकडचं रान वाचलं नव्हतं,
आणि रानाला सातबारा नसतो,
म्हणजे असतो,
पण त्यावर नाव असलेला माणूस
मुंबईत, फोन न उचलणारा.

पाचव्या दिवशी रांगेत एकोणिसावा तो.
नाव? विचारलं, सगळ्यांना विचारते तसं.
त्यानं पूर्ण सांगितलं,
जयदेव, बापाचं नाव, आडनाव,
जणू आमची ओळखच नाही.
वय त्रेचाळीस.
लक्षण मी ऐकूनच लिहिलं.
कारण?

मागे तस्लीम उभी होती, कडेवर पोर.
द्वारका पायरीवर गोलम्यातली राख फुंकत होती,
दाणा दाणा.
त्याच्या तोंडावर मास्क, मशीन घरघरत होतं,
बोलता येण्यासारखं नव्हतं.
त्यानं हात पुढे केला,
पेनासाठी.

मी पेन दिलं.
आणि लाइट गेली.
मशीन थांबलं,
तेव्हा ऐकू आलं,
दारापासून पार पिंपळापर्यंत
माणसं श्वास कशी ओढतायत.