चार मिनिटं मागे

राजाराम बंधाऱ्यावर एक्केचाळीस फूट झाले
तेव्हा शाहूपुरीतल्या पतसंस्थेच्या तळमजल्यावर
मी अनवाणी उभी होते, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून.
पाणी दारातून आलं नाही.
मोरीतून उलटं आलं, जयंती नाल्याचा वास घेऊन,
आधी फरशीच्या सांध्यांतून,
मग बिनधास्त.

कपाटात अकरा यंत्रं चालू होती.
त्यातलं खरं एकही नाही.
ठेवी, कर्जं, सोनेतारण, पगार:
एकाच लोखंडाच्या पोटात मांडलेले अकरा संसार,
प्रत्येकाला वाटायचं, घर आपल्या एकट्याचं.

त्यांची अकरा जुळी नागपुरात निजलेली.
इथं लिहिलेलं तिथं उमटायचं,
अक्षर न् अक्षर, चुकांसकट.
हे मंडळापुढं मांडलं तेव्हा
आदगोंडा मगदूम म्हणाले होते,
"म्हंजे चपलेचा जोड की!
एक पायात, एक कपाटात.
मग दुसरीचं पैसं कशाला आत्ताच?"
तीन वर्षं मागत होते.
चौथ्या वर्षी मिळालं,
तेही छपाई-स्टेशनरीच्या खात्यातून.

तीन वाजून दहा मिनिटं. फोनवर दिलशाद.
नागपुरात ऊन पडलंय म्हणाली.
"तुझ्याकडं शेवटचं काय आलंय?"
"तीन वाजून सहा."
सकाळपासून लाइन रडत होती.
सहा ते दहा.
तेवढं कोल्हापूर तिच्याकडं पोचलंच नव्हतं.

"उठवू?"
"थांब. आधी इथलं मारते.
दोन्ही जागे राहिले
तर दोन्ही स्वतःला खरं म्हणतील."
हा नियम मीच लिहिला होता,
वहीच्या सातव्या पानावर, लाल शाईत.
लिहिताना हात ओला नव्हता.

एकेक बंद केलं.
पंखे थांबले आणि पहिल्यांदा
पाण्याचा आवाज ऐकू आला.

तिकडं आधी खातेवही उठली,
मग व्याज मोजणारं,
शेवटी काउंटर.
बावीस मिनिटांत गडहिंग्लज शाखेत कुणीतरी
पासबुक छापून घेतलं
आणि शाई फिकी आहे म्हणून तक्रार केली.
मी जिन्यावर बसून हसले. मग बराच वेळ बसूनच राहिले.

राहिली चार मिनिटं.
कॅशियरच्या ड्रॉवरमधल्या पावत्या
वरच्या मजल्यावर दोरीला लावल्या, कपड्यांच्या चिमट्यांनी.
तीन नोंदी होत्या त्या वेळेतल्या.
दोन वाचता आल्या.
तिसरीवर नुसतं निळं तळं,
आणि काठाला 'फुला'.

पाचव्या दिवशी फुलाबाई बुचडे आल्या,
चिखलाची ओळ अजून भिंतीवर होती.
"दुधाच्या बिलाचं सातशे चाळीस भरल्यात मी.
तुमच्या मशिनीला नसंल ध्यानात,
मला हाय."
पुराचं विचारलं तर म्हणाल्या, म्हशी माळावर नेल्यात,
आणि पासबुक पुढं सरकवलं.

मी नोंद केली.
कुठल्याच जुळ्याकडून न आलेली, हातानं.

लेखापरीक्षकांचा शेरा अजून उघडा आहे:
'रु. ७४०/-, आधार काय?'
रकाना लहान आहे.
त्यात मी 'खातेदार' एवढंच लिहिलंय,
आणि ते त्याच क्षणी
नागपुरातही उमटलंय.