पंच

कौलगडाच्या बुरुजाखाली टाकीसाठी चर खणताना
मष्णू हुंदऱ्याच्या टिकावाला कवटी लागली.
त्याला वाटलं, मडकं.
मडक्याला दात नसतात हे कळल्यावर तो पळाला.

आधी फौजदार आले.
हाडं किती जुनी ते ठरेपर्यंत खून तो खूनच.
पंच पाहिजेत म्हणाले. पायथ्याला माझं दुकान,
ब्लाउज, पिको-फॉल, शाळेचे गणवेश.
गळ्यातली टेप तशीच ठेवून मी वर गेले.

पंचनामा कन्नडमध्ये. मी सावकाश वाचते,
सुईत ओवल्यासारखं एकेक अक्षर.
मृताचे नाव, ह्या रकान्यात फौजदारांनी रेघ मारली,
अकरा वेळा.
अकरावी आखूड. ते पोर होतं.
खाली मी सही केली, चंद्राबाई रवळू गुरव.

चौथ्या दिवशी बेळगावहून डॉक्टर अंकलगी आल्या.
रंगाचा ब्रश, दातांचा ब्रश, बांबूच्या काड्या.
गुडघे टेकून बसल्या त्या जेवणवेळेपर्यंत उठल्या नाहीत.
मग म्हणाल्या, ही माणसं पोलिसांची नव्हेत,
पाचशे वर्षं तरी झाली असतील.
फौजदारांनी टोपी काढून घाम पुसला. जीप खाली गेली.

माझं काम तिथं संपलं होतं.
तरी रोज दुपारी शटर अर्धं ओढून मी वर जायची.
डॉक्टर दाखवायच्या:
ह्यानं डावा हात वर केला होता, वार अडवायला.
काप बघा, काठ कसा धारदार,
हाड भरून यायला एक दिवससुद्धा मिळाला नाही.
आणि ह्याचीच ही बरगडी, कितीतरी आधी मोडलेली,
नीट जुळलेली.
म्हणजे कुणीतरी त्याला महिनाभर पडू दिलं होतं,
त्याच्या वाटचं पाणी भरलं होतं.

सातव्या पेटीत बाई.
कमरेचं हाड रुंद, वय पस्तिशीच्या आसपास.
वरच्या पुढच्या दातात बारीक खाच.
कीड नव्हे, मार नव्हे, डॉक्टर भिंगातून बघत बसल्या.
मी म्हटलं, दोरा.
त्यांनी मान वर केली.
दोरा हो. धरायचा आणि तोडायचा, त्याच जागी, रोज.
हल्लु तोरसरी, त्या म्हणाल्या.
मी ओठ वर केला.
त्यांनी माझ्याही दाताला मोजपट्टी लावली.
तिची खाच माझ्यापेक्षा खोल.
तिच्याकडं कात्री नसेल, किंवा मुलं जास्त असतील.

गावात तोवर दोन फलक लागले, दोन भाषांत.
दोन्हींवर अकरा वीर, दोन्हींवर आमचे.
पोरसुद्धा वीर.
मला सातवी आठवली.
तोंडात दोरा धरल्यावर बोलता येत नाही,
कुठल्याच भाषेत.

दिवाळीनंतर अहवाल आला, डॉक्टरांनी फोन केला.
दात लहानपणी घडतात, म्हणाल्या,
तेव्हा प्यालेलं पाणी त्यांत बसून राहतं,
मेल्यावरही निघत नाही.
दहाजण ह्याच मलप्रभेचे.
सातवी इथली नव्हे.
सून असेल, मी म्हटलं.
असं लिहिता येत नाही हो, त्या म्हणाल्या.
कुठली मग?
पश्चिमेकडची असावी. एवढंच.

पश्चिमेला कोवाड आहे. माझं माहेर.
माझ्या दातांत ताम्रपर्णी असणार,
उताणी नव्हे, पालथी पडून प्यालेली, पाच वर्षांची असताना,
आई धुण्याचा पिळा आपटत ओरडत होती, गाळ आहे, गाळ!
रेशनकार्डावर ती नदी नाही.
बावीस वर्षांत इथं मला कुणी
कुठलं पाणी म्हणून विचारलं नाही.
विचारायला कवटी लागते.

त्या रात्री पाटलांच्या लेकीच्या जंपराला काजं करत होते.
दोरा तोंडापर्यंत नेला
आणि थांबले.
उठले, कात्री शोधली. कापडाखाली होती.
मंगळवारी घाई होती, विसरले.