कशात घालायचा?

तपकीर गल्लीत येऊन नुसतं "सेल द्या" म्हणणारा माणूस
मला अर्धवट वाटतो.
मी विचारतो, कशात घालायचा?
त्याला राग येतो. येऊ दे.
सत्तावीस वर्षं या फळीमागे उभा आहे,
हा प्रश्न विचारल्याशिवाय
कुणाच्या हातावर सेल ठेवलेला नाही.

भिंतीवरचं घड्याळ असेल
तर लाल-काळा साधा न्या, बारा रुपयांचा.
घड्याळ चिमणीएवढं खातं.
महागाचा घातलात म्हणून
वेळ काही जास्त बरोबर दाखवणार नाही.
फक्त वर्ष झालं की काढा.
याचं अंगच जस्ताचं, आणि तेच याचं जेवण;
स्वतःची भिंत खात खात
एके दिवशी पाझरतो, स्प्रिंगवर मीठ धरतो.
(लहानपणी दगडाने फोडून
आतली काळी कांडी काढायचो आम्ही,
पर्वतीच्या पायथ्याच्या सगळ्या भिंतींवर
माझ्या रेघा होत्या.)

नातवाची पळणारी गाडी? मग अल्कलाइन.
साधा तिथे दोन फेऱ्यांत धाप टाकेल.
चार्जिंगचे हवेत? जरूर न्या,
पण ते दीड नाहीत, एक पूर्णांक दोनचे;
काही यंत्रं तेवढ्यावरून रुसतात.
आणि वापरा वा ठेवून द्या,
साधे असतील तर हळूहळू रिकामे होतात,
पेन्शनीतल्या माणसासारखे.

किशन, माझा नवा पोरगा, वेल्ह्याचा,
त्याला पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं:
अल्कलाइन फरशीवर वितभर वरून सोड, उभा.
भरलेला थप्पकन बसतो.
संपलेला उड्या मारतो.
किशन हसला, म्हणाला, उलटं पाहिजे ना, शेठ?

बटणसेल मागितला की दुसरा प्रश्न:
घरात रांगतं मूल आहे?
असेल तर ती चपटी चकती
देवाच्या फळीहून वर ठेवा.
गिळली तर पोटात जाईपर्यंतही थांबत नाही,
घशातच जाळत बसते.
हे सांगताना मी विनोद करत नाही.

आणि ओगलेबाई.
महिन्याला एक कार्ड, सहा सेलचं,
तीनशे बारा नंबर, तपकिरी स्टिकर,
यजमानांच्या दोन्ही कानांसाठी.
बाकी सगळे शिदोरी बांधून येतात,
हा अर्धं जेवण हवेतून घेतो.
स्टिकर ओढला की भोकातून श्वास सुरू.
मिनिटभर थांबायचं, मग मशीनमध्ये.
नंतर परत चिकटवून उपयोग नाही;
घेतलेला श्वास परत देता येत नाही.

परवा आल्या. कार्ड परत करायला.
चार सेल तसेच, स्टिकरसकट.

मी बघत राहिलो कार्डाकडे.
काही विचारलं नाही.

त्याच म्हणाल्या, अहो, तसं नाही,
ठणठणीत आहेत.
शेजारची बिल्डिंग पाडतायत, सकाळी आठपासून.
म्हणाले, हे ऐकायला का सेल जाळू?
मशीन डबीत ठेवलं.
आता मी बोलते तेव्हा
माझ्या तोंडाकडे बघत बसतात.
एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

मी पाटीवर बोट ठेवलं:
विकलेला माल परत घेतला जात नाही.
म्हणालो, स्टिकर काढू नका, कपाटात ठेवा.
तीन वर्षं झोपून राहतात.
बिल्डर दोन म्हणतो, त्या म्हणाल्या.
मग अवघड आहे, मी म्हणालो.

कार्ड पर्समध्ये गेलं.
जाता जाता वळल्या:
एक साधा द्या.
मी तोंड उघडायच्या आत,
घड्याळात.