गुडघ्याएवढा

बी दगडावर घासायचं, एकाच बाजूनं,
आतला पांढुरका ठिपका दिसेपर्यंत. त्याहून जास्त नाही.
मग रात्रभर कोमट पाण्यात.
सकाळी जे फुगलं ते पेरायचं,
जे तसंच राहिलं ते पुन्हा घासायचं.
"टणक असणं हा काही गुन्हा नाही,"
केटुरा गिटन्स म्हणायची,
"पण कुणीतरी आधी ओरखडा काढावा लागतो."

बार्बाडोसच्या ज्या अंगाला समुद्र
पोहण्यासाठी नाही, नुसता बघण्यासाठी आहे,
तिथं, सेंट अँड्र्यूच्या उतारावर तिचं लाकडी घर,
प्रवाळाच्या सुट्या दगडांवर टेकवलेलं.
पाया नाही. जमीन कधी घरवाल्यांची नव्हतीच,
म्हणून भिंती अशा, की उतरवून गाडीत घालता याव्यात.
पणज्यानं ते घर दोनदा हलवलं होतं.

दारात शंकासुर.
आपण ज्याला असुर म्हणतो
तो तिथं बेटाचा अभिमान, सरकारी मुद्रेवर बसलेला.
केटुरा त्याला नुसतं "हा" म्हणायची.
हा तहानेनं मरत नाही, लाडानं मरतो.
हा शेंगा धरतो, म्हणून लोकांना वाटतं चवळीचा भाऊबंद,
जमिनीला काहीतरी देत असेल.
काही देत नाही. मागतही नाही फारसं.
ऊन तेवढं पूर्ण हवं, अर्धंमुर्धं चालत नाही.

आणि वर्षातून एकदा कोयता.
शेवटची शेंग तडकली की
ती लुगदीसारखी मऊ झालेली जुनी टोपी घालायची
आणि माणसाहून उंच झुडूप
गुडघ्याएवढं करून ठेवायची.
शेजारचा डेव्हरॉन, तेव्हा सहा वर्षांचा,
ते पाहून घरात पळाला आणि कॉटखाली लपला.
जूनमध्ये तिनंच त्याला हाताला धरून आणलं:
लाल फुलं, पिवळ्या काठाची,
हिरव्या गळ्याचा हमिंगबर्ड हवेत टांगलेला,
आणि काटे, जे फुलं पाहताना कुणालाच आठवत नाहीत.

एकदाच, चहा ढवळताना, ती बोलली.
उसाच्या मळ्यातल्या बायका, विकत घेतलेल्या,
हाच उकळून प्यायच्या म्हणे.
पोट राहू नये म्हणून.
मालकाच्या वहीत एक आकडा कमी.
चमचा तिनं बशीत ठेवला.
"अभिमान," ती म्हणाली, आणि हसली नाही.

मग उतार विकला गेला. कुणाला, ते पाटीवर होतं,
पण पाटीवर नुसतं चित्र होतं, निळ्या पाण्याचं.
रविवारी पाच माणसं आली.
भिंतींवर खडूनं आकडे घातले, एक ते अकरा,
आणि दुपारपर्यंत घर लॉरीत आडवं.
डेव्हरॉन आता खांद्यानं रुंद, कुदळ घेऊन झाडाशी भिडला.
हातभर खणलं, दोन हात खणलं.
सोटमूळ खडकाच्या फटीत शिरलेलं, दिसेनासं.
"राहू दे," ती म्हणाली.
"घर हलतं. हा हलत नाही."

तिनं फक्त शेंगा घेतल्या, कागदी पिशवीत.
सेंट फिलिपच्या वाटेवर, उन्हानं तापलेल्या केबिनमध्ये
त्या तिच्या मांडीवरच फुटायला लागल्या.
ड्रायव्हरला वाटलं, काचेवर दगड आला.
त्यानं ब्रेक मारला, शिवी दिली,
आणि मग दोघंही वाकून
सीटखालून बिया वेचत बसली.

नव्या जागी पहिलं पेरलेलं कुजलं. पाणी जास्त झालं.
तिनंच घातलं होतं, रोज, संध्याकाळी.
हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

जुलैत डेव्हरॉनचा फोन आला.
उतारावर अर्धी भिंत उभी आहे, काम थांबलंय,
पैसे संपले म्हणतात.
आणि हा, बसमधून दिसला, पेटल्यासारखा.
त्यांनी कापला होता, साफ करायला.

ती बराच वेळ गप्प.
"कुठपर्यंत कापला?"
"गुडघ्याएवढा."
"हं," केटुरा म्हणाली. "बरोबर कापलाय."

फोन ठेवून ती पायरीवर बसली,
मुठीतल्या बियांतली एक निवडली,
आणि दगडावर घासू लागली.
एकाच बाजूनं.