दुसरी बाजू, तिसरं गाणं

कव्हरवर चार पोरं उभी आहेत
सातूच्या शेतात, गुडघाभर, अनवाणी,
आणि मध्ये सर्फबोर्ड.
जवळून पाहिलंत तर ती इस्त्रीची फळी आहे,
आमच्या आईची. निळा रंग ट्रॅक्टरचा, उरलेला.
खाली उजव्या कोपऱ्यात जी सावली पडलीय
ती फोटो काढणारीची.
माझी.

नॉर्थ डकोटा, एकोणीसशे चौसष्ट.
समुद्र म्हणजे दोन दिवस गाडी हाकायची, तीही कुणी दिली तर.
माझ्या भावानं, व्हर्लिननं, तो दाताच्या डॉक्टरकडे
कॅलेंडरवर पाहिला होता,
आणि रात्री उशिरा, हवा स्वच्छ असली की,
ओक्लाहोमाच्या स्टेशनवर ऐकला होता:
त्या गिटारी, जणू कुणी ओल्या तारेच्या कुंपणावरून
काठी ओढत पळत सुटलंय.

बँडचं नाव द टायडल फाइव्ह.
ड्रमवर अक्षरं रंगवून झाली, वाळली,
मग बीट काढायचा हंगाम आला आणि पाचवा गळाला.
रंगाला पुन्हा पैसे कोण देणार?
राहिलं तसंच.

लुथरन चर्चचं तळघर. बुधवारी,
शिवणमंडळाच्या बायका वर गेल्यावर.
टेपरेकॉर्डर एक, माइक दोन,
त्यातला एक कॉफीच्या किटलीला पट्टीनं बांधलेला.
ॲम्पमध्ये एक स्प्रिंग असते.
रॉडनी ब्रेकी तिला बुटानं लाथ घालायचा
आणि तळघरात वीज पडायची.
वरून पास्टर लुंडेंनी टाच आपटली.
तीही आहे टेपवर, पहिल्या गाण्याच्या शेवटी, तीनदा.
लोकांना वाटतं डेल्मरचा ड्रम.

आर्डिस, लाटा हव्यात, व्हर्लिन म्हणाला,
जसं एखादा मीठ मागतो.
मी कपडे धुवायच्या टबात दोन बादल्या सातू ओतले
आणि टब हलवत राहिले,
या कडेवरून त्या कडेला, हात भरून येईपर्यंत.

आणि दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात
पायपेटी आहे. चर्चचीच, एक भाता फाटका.
ती मी वाजवली.
सोळा वर्षांची होते, स्तोत्रांपलीकडे काही येत नव्हतं,
म्हणून स्तोत्रच वाजवलं, दुप्पट वेगात,
आणि व्हर्लिननं त्याच्यामागे गिटार सोडली
सशामागे कुत्रं सोडावं तशी.
दोन मिनिटं अकरा सेकंद.
एक मिनिट चाळीसला जी चूक आहे ती माझी,
पण नेमका तिथेच डेल्मर आनंदानं ओरडला,
म्हणून पुन्हा घेतलं नाही.

तीनशे प्रती. मागे चार नावं छापली.
पाचव्याला जागा होती. मोजलीय मी,
अंगठा बसेल एवढी.

विकल्या गेल्या एकशे बारा.
बाकीचे खोके आईनं खुराड्याच्या उत्तरेकडच्या भिंतीला लावले.
त्या हिवाळ्यात एकही कोंबडी गारठून मेली नाही.

मध्यंतरी बेल्जियमहून एका मुलाचा फोन आला.
त्यानं एका प्रतीला माझ्या पहिल्या गाडीपेक्षा
जास्त पैसे मोजले होते.
फार नम्र होता बिचारा. विचारत होता,
ती पेटी कोणी वाजवली, कुठेच नोंद नाही.
मी म्हटलं, शिवणमंडळातली असेल कुणीतरी.
का म्हटलं, माहीत नाही.
चुलीवर बटाटे होते.

समुद्र मी एकोणसत्तराव्या वर्षी पाहिला,
ऑरेगनमध्ये, रॉडनीच्या बायकोबरोबर.
रॉडनी जाऊन वर्ष झालं होतं; तिला कुठेतरी जायचं होतं.
थंडी होती. एक माणूस बादली घेऊन शिंपले शोधत होता.
लाट आली, गेली,
आणि मग काही वेळ काहीच झालं नाही.
हे कुणी सांगितलं नव्हतं,
की तो मध्ये थांबतो.

कसा आहे? मर्नानं विचारलं.
संथ, मी म्हटलं.
टब जरा हळू हलवायला हवा होता.